वरच्या खोलीतलं ध्यान

प्रेमलताबाईंना काळजी करायला कारण लागत नसे. कारण मिळालं की उलट त्यांना जरा बरं वाटे, निदान आपण उगाच करत नाही एवढं तरी समाधान. गॅस बंद केला का, शाळेच्या कपाटाला कुलूप लावलं का, शेजारचा कुत्रा आज भुंकला कसा नाही, सगळं त्यांच्या डोक्यावर. नवरा होता तोवर म्हणायचा, "तुले चिंता नसली तर त्याचीच चिंता लागते वं." नवरा गेला. प्राथमिक शाळेतली नोकरी राहिली, नागपूरच्या नंदनवनातलं घर राहिलं आणि मुलगा प्रशिक राहिला. पुढे तोही इंजिनिअरिंगचं शिकायला जर्मनीत गेला, आणि वरची त्याची रिकामी खोली बाईंना खायला उठू लागली. म्हणून त्यांनी तिथे एक विद्यार्थी ठेवला.

विद्यार्थीही असा तसा नव्हे, थेट श्रीलंकेचा. नाव कसुन. नागपुरात फार्मसी शिकायला आलेला, काळासावळा, उंच, हसला की सगळे दात दाखवणारा पोरगा. गल्ली सगळी बौद्धांची, छप्पन साली ज्यांच्या आजे-पणज्यांनी दीक्षा घेतली त्यांची. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष ज्या देशातून आला त्या देशातला माणूस आपल्या गल्लीत राहतो म्हटल्यावर लोकांचे पाय जमिनीवर राहिनात. विहार समितीचे अध्यक्ष मधुकरराव तर त्याला पाहायला सफारी घालून आले. वीज मंडळातून रिटायर झालेला हा गृहस्थ, आवाज असा की माइकने लाजावं. त्यांनी पोराला पाली गाथा म्हणायला लावल्या आणि डोळे मिटून ऐकल्या. त्याच्या आणि आपल्या चालीत फरक होता, तर चूक आपलीच असणार, असंही त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

सुरुवातीला कसुन सगळ्यांचाच झाला. बाईंना अम्मा म्हणायचा. भाजीत नारळ मागायचा, आणि नारळाची भाजी म्हणजे विदर्भात औषधालाही सापडायची नाही. संध्याकाळी गल्लीतल्या पोट्ट्यांसोबत क्रिकेट खेळायचा आणि आउट झाला की "काहून? काहून?" म्हणून भांडायचा. 'का'ला इकडे 'काहून' म्हणतात, तेवढा एक शब्द त्याला फार आवडला होता.

मग थंडी सरता सरता त्याचं खेळणं कमी झालं. नंतर बंदच झालं.

बाईंच्या ते लक्षात आलं नाही असं कसं होईल? एका संध्याकाळी त्या ताट घेऊन वर गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा नव्हता. कसुन जमिनीवर मांडी घालून, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसला होता. बाई दारातच थबकल्या. ध्यानाला बसलेल्या माणसाला हाक मारू नये, त्याच्या पुढून जाऊ नये, हे त्यांना लहानपणापासूनचं वळण. ताट तसंच घेऊन त्या चप्पल हातात धरून खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "रात को खाना मत देना, अम्मा."

"अष्टशील पाळतो क्या बेटा?" बाईंनी विचारलं. दुपारनंतर न जेवणं हे अष्टशिलातलं एक शील, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

कसुन त्यांच्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "हाँ."

बाईंनी ही गोष्ट मधुकररावांना सांगितली, तिथेच घात झाला. मधुकररावांना सांगणं आणि आकाशवाणीवर देणं यात वेळेचा काय तो फरक. आठवडाभरात गल्लीत एकच बोलणं. या वयात अष्टशील! आपली पोरं पाहा, आणि हा पाहा! मधुकररावांनी बाईंच्या घरासमोरचं क्रिकेट बंद करवलं. टीव्हीचे आवाज उतरले. लग्नाची वरात गल्लीत शिरली तेव्हा हा माणूस आडवा उभा राहिला आणि डीजे थांबवून नवरदेवाला मुकाट्याने पुढे काढून दिलं. लोक बाईंच्या जिन्याजवळून जाताना कुजबुजत, "ध्यानाला बसलाय." एवढी मोठी गल्ली, पण एका पोराभोवती ती गप्प होऊन गेली.

बाईंनाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोला. त्यांनी फोनवर प्रशिकला ऐकवलंसुद्धा, "तुह्याच खोलीत बसते तो. कसा शांत आहे पोरगा! तू तिकडं जाऊन पार विसरला सगळं." प्रशिक हो-हो म्हणाला. त्यानंतर काही दिवसांनी त्याचा फोन लागेनासा झाला. बाईंची पाचावर धारण बसली. मग त्यानेच फोन केला, तोही आवाजाचाच, चेहरा न दाखवता. नेट धड चालत नाही म्हणाला. "आणि आई, मीही आता ध्यान करून राहिलो. सकाळ-संध्याकाळ. म्हणून फोन बंद असते. तू घोर नको लावून घेऊ." बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी हीही गोष्ट मधुकररावांना सांगितली. नको का सांगायला?

पण मन चिंती ते वैरी न चिंती. मे महिना लागला आणि बाईंच्या मनाला एक वेगळीच गोष्ट टोचू लागली. कूलर.

नागपूरच्या मे महिन्यात माणूस भाकरीवाचून एक वेळ राहील, कूलरवाचून नाही. वरच्या खोलीचा कूलर बाहेर गच्चीकडच्या खिडकीला बसवलेला. सकाळी पाइप लावून बाईच त्याची टाकी भरत. एरवी संध्याकाळपर्यंत टाकी तळाला जायची. आता दुसऱ्या दिवशी पाइप घेऊन जावं, तर कालचं पाणी तसंच. वर धूळ तरंगतेय, वाळ्याच्या ताट्या खडखडीत कोरड्या. म्हणजे पोरगा कूलर लावतच नव्हता. पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन, खिडकी बंद, दार बंद, आणि हा आत.

त्यांनी मधुकररावांना विचारलं.

"अवं बाई, तप म्हणते त्याले!" मधुकरराव म्हणाले. "काया तापवून राहिला तो. तुमाले नाही समजाचं. आता बुद्ध पौर्णिमेले वंदना त्यालेच घ्याले लावतो. अन् पोट्ट्यायले ध्यानावर दोन शब्द."

"पण दादा, बुद्धानंच तर काया तापवणं सोडलं होतं ना?"

मधुकरराव म्हणाले, "ते शेवटी सोडलं. आधी केलंच ना?" यावर कोण काय बोलणार!

पण बाईंचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी त्या गच्चीवर जात, टाकीत बोट बुडवून पाहत आणि खाली येत. दुपारचं ताट दाराशी ठेवत, जिन्यावर थांबून कान देत. आत काहीच आवाज नसे. हाक मारावी म्हणून तोंड उघडत आणि पुन्हा मिटत. एका मनाला वाटे, जावं आणि हलवावं त्याला. दुसरं मन म्हणे, ध्यान मोडशील, पाप लागेल, परक्या देशाचा पोरगा आहे, गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. या दुसऱ्या मनाचं त्यांनी ऐकलं, आणि त्याचा त्यांना पुढे जन्मभर राग यायचा होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर उन्हाचं, खाली कोणीतरी गाडी थांबवली. कसुनच्या वर्गातला पियुष होता, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, घामाने निथळणारा.

"काकू, कसुन आहे का? फोन बंद येऊन राहिला त्याचा."

बाईंनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल गा. ध्यानाला बसला तो."

"आता?" पियुष म्हणाला. "काकू, पेपर होता आता. मागच्याही पेपरला नाही आला. म्हटलं ताप-बीप आला असंल."

परीक्षा चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं. पोरगा मागच्या जिन्याने जात असेल, येत असेल, असं त्यांनी धरून चाललेलं. घरातल्या घरात, डोक्यावरच्या खोलीत, आणि आपण धरून चाललो! पेपर सोडून माणूस ध्यानाला बसत नसतो. एवढं कळायला बुद्ध व्हावं लागत नाही. नुसती शाळेत शिकवणारी बाई असलं तरी पुरे.

"तू इथंच थांब," त्या पियुषला म्हणाल्या आणि जिना चढल्या. वर काय पाहावं लागेल याची त्यांनी त्या एका जिन्यात इतकी वाईट वाईट चित्रं पाहिली, की दार ढकलल्यावर कसुन जिवंत, मांडी घालून बसलेला दिसला तेव्हा त्यांना रडूच फुटलं. खोली भट्टीसारखी तापलेली. आंघोळ न झालेल्या अंगाचा वास. अंगातली बनियन खारवलेली. मनगटाला पांढरा दोरा, तोही मळून काळा पडलेला.

बाईंनी आधी कूलरचं बटन दाबलं. ते धूड खडखडत सुरू झालं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी मुद्दाम मोडलेलं हे पहिलं ध्यान. मग त्या त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कसुनने डोळे उघडले. मागे वळला नाही. भिंतीकडे पाहतच म्हणाला, "मैं ध्यान नहीं करता, अम्मा."

"मालूम पड़ा बेटा."

"मैं बस बैठता हूँ. उठना नहीं होता, तो बैठता हूँ."

"फिर बोला काहे को नहीं?"

"आप लोग सीढ़ी पर धीरे बोलते थे. ध्यान में है, ध्यान में है. सब कितना इज़्ज़त करते थे. मैं कैसे बोलूँ, कि नहीं है?" त्याचे ओठ कोरडे पडले होते. "पहले बच्चों का आवाज़ आता था, क्रिकेट का. वो थोड़ा अच्छा था. बाद में वो भी बंद हो गया."

सगळ्या गल्लीने मिळून या पोरावर केवढे उपकार केले होते!

"क्या हुआ रे? घर में कुछ हुआ? किसी ने कुछ बोला?"

"कुछ नहीं हुआ. वही तो." आता त्याने मान वळवली. "कुछ हुआ होता तो मैं बताता. घर पे अम्मा को बोला था. वो बोली, मन कमज़ोर हो गया, विहार जा, बोधि को पानी डाल. ये धागा भेजा. मैं फिर उसको कुछ नहीं बोला. वो रोती है."

प्रेमलताबाईंना त्या कधी न पाहिलेल्या बाईची आठवण आली, म्हणजे आठवणच म्हणायची ती. समुद्रापलीकडे बसून, पोराला दोरा पाठवून, तीही अशीच धरून चालली असेल.

एक प्रश्न त्यांच्या जिभेवर आला. तो विचारला तर खरा होईल अशी भीती वाटली. नाही विचारला तरी खराच असेल, अशी त्याहून मोठी भीती वाटली. सगळं आयुष्य नसत्या गोष्टींना भ्यालेल्या त्या बाईने खऱ्या गोष्टीला भ्यायचं तेव्हा सोडलं.

"मरने का खयाल आता है क्या बेटा?"

कूलरचं पाणी ताट्यांवरून ओघळायला लागलं, खोलीत वाळ्याचा वास आला. मग कसुनने मान हलवली. हो. आणि तो रडला, लहान पोर रडतं तसा, आवाज करून. बाईंनी त्याला धरून ठेवलं. रडण्याचा आवाज खाली गल्लीत जात होता. जाऊ दे, त्या मनात म्हणाल्या. ऐकू दे एकदाचं.

हे असं चाललेलं असताना मधुकरराव आले. हातात पांढरा कुर्ता-पायजमा, इस्त्री केलेला, उद्याच्या वंदनेसाठी. पियुषने त्यांना खाली अडवलं होतं, पण मधुकररावांना अडवणं म्हणजे रेल्वे अडवणं. दारातून त्यांनी पाहिलं आणि दारातच थांबले.

"काय झालं वं बाई?"

"पोरगा बिमार आहे दादा. धंतोलीले न्या लागते, मनाच्या डॉक्टरकडं. आत्ताच्या आत्ता."

"मनाच्या?" मधुकरराव म्हणाले. "अवं पण ध्यान..."

"ध्यान नव्हतंच दादा! आपणच ठरवलं ते. आपण त्याले एकदाही विचारलं का, बाबू तू कसा आहे? सांगा ना, तुम्ही विचारलं का? मी तरी विचारलं का?"

मधुकररावांनी तो इस्त्रीचा कुर्ता उलगडला आणि कसुनच्या अंगात चढवला, बाह्या एकेक करून, नातवाला घालावा तसा. मग खाली जाऊन ऑटो थांबवला.

धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही. अख्खा विदर्भ तिथे पाठीची, पोटाची, हृदयाची दुखणी घेऊन येतो. मनाचा दवाखाना मात्र मागच्या गल्लीत होता, वरच्या मजल्यावर, आणि तिथे बसलेले लोक एकमेकांकडे पाहत नव्हते. मधुकररावांनी काउंटरवर जाऊन आवाज चढवला आणि नंबर पुढे सरकवून घेतला. आवाज कधीतरी सत्कारणी लागला म्हणायचा.

डॉक्टर मधुवंतींनी आधी कसुनला एकट्याला आत घेतलं. बराच वेळ गेला. मग बाईंना बोलावलं. आजार आहे, बरा होणारा आहे, औषध सुरू करतेय, पण काही दिवस त्याला एकटं ठेवायचं नाही, त्याच्या घरी मी स्वतः बोलेन, असं सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. बाई मान हलवत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"आम्हाले वाटलं, ध्यान करतो. असं कसं वाटलं असंल हो मॅडम? आम्ही काय अडाणी आहोत?"

"अडाणी कशाच्या!" डॉक्टर म्हणाल्या. "माझ्याकडे सगळ्या घरांतली पोरं येतात. कोणी म्हणतं अभ्यासात बुडालाय. कोणी म्हणतं जप करते. बाहेरच्या देशातल्या पोरांचे आईवडील म्हणतात, तिथल्या हवेची सवय व्हायची आहे. ज्या घरात ज्या गोष्टीला मान असतो, तेच नाव देतात. आणि पोरं हुशार असतात, आपल्याला आवडतं ते नाव त्यांना बरोबर कळतं. तेच सांगतात मग."

प्रेमलताबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. पलीकडे मधुकरराव फोनवर बोलत होते, आणि या वेळी दबल्या आवाजात. "पोट्टेहो, उद्यापासून खेळा गा. तिथंच, बाईच्या दारासमोर. जोरात खेळा. मी काही नाही म्हणत." फोन ठेवून त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले आणि घाम पुसल्याचं दाखवलं.

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या कानात एकच वाक्य वाजत होतं, आणि ते डॉक्टरांचं नव्हतं.

मीही आता ध्यान करून राहिलो, आई.

कोणी शिकवलं त्याला हे? कुठून मिळालं हे नाव? त्यांनीच तर दिलं होतं, फोनवरून, कौतुकाने. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तो दिवाही त्यांनीच लावला होता.

त्यांनी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तिकडे आता दुपार असेल, कॉलेजात असेल, जेवत असेल, अशी एकेक कारणं मनात येत होती आणि त्या एकेक मोडून टाकत होत्या. आज एकाही कारणाला त्यांना बसू द्यायचं नव्हतं. पुन्हा लावला.

"आई?" आवाज झोपेतला. "ध्यानाले बसलो होतो."

"चेहरा दाखव."

"नेट नाही ना..."

"चेहरा दाखव, प्रशिक."

बराच वेळ काळी पाटी. मग चेहरा आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, मागे भर दुपारी ओढलेले पडदे. बाईंना किंचाळावंसं वाटलं. त्या किंचाळल्या नाहीत. आज एकदा विचारलेला प्रश्न होता, तो दुसऱ्यांदा विचारायला तेवढीच हिंमत लागली, कणभर कमी नाही.

"बाबू, मरून जावं असं वाटते का रे तुले?"

प्रशिकचा चेहरा हळूहळू वाकडा होत गेला, लहानपणी गुडघा फुटल्यावर आईला पाहेपर्यंत रडू धरून ठेवायचा तसा.

"तुले... तुले कोनं सांगितलं?"

आतून कसुन बाहेर आला होता, त्या पांढऱ्या कुर्त्यात, हातात औषधांची पिशवी. बाईंनी त्याचा हात ओढून त्याला बाकावर आपल्याजवळ बसवलं आणि फोन दोघांच्या मधोमध धरला.

"यानं," त्या म्हणाल्या. "तुह्या खोलीत राहते तो. फोन ठेवू नको बाबू. आम्ही दोघंही इथंच बसलो आहोत. बोल."